फुकट आलेल्या मालाचा रिव्ह्यू: खुलासा कसा, कुठे आणि किती वेळ

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एखाद्या दुकानातून दोन चादरी घरी येतात, सोबत निरोप असतो: "बघा वापरून, आवडल्या तर टाका दोन शब्द." हुरड्याच्या दिवसांत एखादा शेतमालक घरच्या सगळ्यांसकट बोलावतो आणि निघताना पैसे घेत नाही. शेंगाचटणीची पाकिटं येतात, टॉवेलचा जोड येतो, नव्या हॉटेलचं उद्घाटनाआधीचं जेवण येतं. तुमचं लिखाण किंवा रील चार लोक बघायला लागले की सोलापुरात हे सुरू होतंच. त्यात गैर काही नाही. पण माल फुकट आला हे न सांगता त्याचं कौतुक केलं, तर ती ग्राहकाची दिशाभूल ठरू शकते, आणि आपल्याकडे त्यासाठी कायदा आहे.

समोरची बाई महिन्याच्या पैशातून बाजूला काढलेली रक्कम घेऊन, तुमच्या शब्दावर दुकानात जाते. तुम्हाला त्या चादरीचे पैसे पडले नव्हते हे तिला आधी कळायला हवं. ते कळल्यावर तुमच्या मताला किती वजन द्यायचं हे तिचं ती ठरवेल. खालचे सगळे नियम तिला तो अधिकार मिळावा म्हणून आहेत.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय ठेवायचं

- आलेल्या वस्तूंची नोंदवही. साधी शंभर पानी वही चालेल, मोबाईलमधली एक्सेल शीट असेल तर उत्तम.
- माल देणाऱ्याशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट, कुरिअरची पावती, डिलिव्हरी चलन.
- पाकिटाच्या किंवा लेबलच्या सर्व बाजूंचे फोटो, उघडण्याआधी काढलेले.
- मेजर टेप आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा.
- खुलाशाची तयार वाक्यं, तुम्ही ज्या भाषांत बोलता त्या प्रत्येक भाषेत.
- पॅन कार्ड आणि प्राप्तिकराच्या संकेतस्थळाचं लॉगिन. हे कशाला, ते आठव्या पायरीत.

१. आधी ठरवा: यात हितसंबंध आहे का?

बहुतेक नवखे इथेच चुकतात. "पैसे घेतले नाहीत, मग जाहिरात कसली?" असं त्यांना वाटतं. नियमांच्या लेखी पैसे हा हितसंबंधाचा फक्त एक प्रकार आहे. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, भेट, स्पर्धेतला प्रवेश, सहल, हॉटेलमधला मुक्काम, पुरस्कार, वस्तूच्या बदल्यात प्रसिद्धी, हे सगळं त्यात येतं. वस्तू न मागता आली असेल तरी येते. "लिहिलंच पाहिजे असं काही नाही" असं सांगून दिली असेल तरीही येते.

सोलापूरसारख्या गावात सर्वात जास्त विसरला जाणारा प्रकार म्हणजे नातं. कौटुंबिक, वैयक्तिक किंवा नोकरीचा संबंधही नियमांत स्पष्ट लिहिलेला आहे. दुकान मामांचं असेल, कारखान्यात भाऊ सुपरवायझर असेल, चटणीवाल्या काकू शेजारच्या असतील आणि लहानपणापासून घरी जाणं-येणं असेल, तर चटणी पैसे देऊन घेतली असली तरी ते नातं सांगायचं. इथे कुणाचं ना कुणाचं कुणाशी तरी नातं निघतंच, म्हणून हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारा.

गोंधळाच्या काही जागा:

- दुकानदाराने ९०० रुपयांची चादर तुम्हाला ४०० ला दिली. सवलत आहे, खुलासा लागतो.
- लिंकवरून खरेदी झाली की तुम्हाला कमिशन मिळतं, किंवा तुमच्या नावाचा कूपन कोड आहे. खुलासा लागतो.
- वस्तू वापरून परत केली. प्राप्तिकराच्या बाजूने फरक पडतो, खुलाशाच्या बाजूने पडत नाही. "रिव्ह्यूसाठी तात्पुरती मिळाली होती, परत केली" असं सांगा.
- रिव्ह्यू वाईट लिहिला. तरीही खुलासा लागतो. मत निःपक्ष आहे म्हणून खुलाशातून सुटका होत नाही.
- स्वतःच्या पैशाने, इतर गिऱ्हाइकांसारखी, पूर्ण किमतीत घेतली आणि दुकानाशी काही संबंध नाही. इथे खुलासा लागत नाही. तरी "स्वतः विकत घेतली" असं सांगणं चांगलं, बिलाचा फोटो असेल तर आणखी चांगलं.

२. नियम कुणाचे आहेत ते ओळखून घ्या

नावं लक्षात ठेवा, कारण "असा काही नियमच नाही" म्हणणारा दुकानदार भेटतोच.

पहिला, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. यातली जाहिरातीची व्याख्या इंटरनेट आणि संकेतस्थळांपर्यंत पसरलेली आहे. 'शिफारस' म्हणजे काय, तेही यात आहे: एखादं विधान किंवा प्रात्यक्षिक पाहून ग्राहकाला ते त्या व्यक्तीचं मत, निष्कर्ष किंवा अनुभव वाटेल, ती शिफारस. तुमचा रिव्ह्यू यात सहज बसतो. या कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० मध्ये स्थापन झालं.

दुसरा, याच प्राधिकरणाची ९ जून २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वं, आणि त्यावर आधारलेली, ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी काढलेली इन्फ्लुएन्सरांसाठीची पुस्तिका. खुलासा कसा करायचा, हे रोजच्या भाषेत या पुस्तिकेत आहे.

तिसरा, जाहिरात मानक परिषदेची म्हणजे 'आस्की'ची नियमावली. आस्की ही १९८५ पासूनची, जाहिरात क्षेत्राने स्वतः उभी केलेली संस्था. तिचे इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम १४ जून २०२१ पासूनच्या पोस्टना लागू आहेत. सेकंदांचे हिशेब इथून येतात.

दंड किती? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल हे प्राधिकरण वस्तू बनवणाऱ्याला किंवा शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर १ वर्षापर्यंत शिफारसबंदी येऊ शकते, पुढच्या वेळी ३ वर्षांपर्यंत. या वरच्या मर्यादा आहेत. याच कायद्यात तुमच्या बाजूचीही एक तरतूद आहे. दाव्याची खातरजमा करण्यासाठी योग्य ती काळजी घेतली होती हे दाखवता आलं, तर शिफारस करणारा या दंडातून वाचतो. ही काळजी कशी घ्यायची, ते सहाव्या पायरीत.

३. माल स्वीकारण्याआधी लेखी बोला

तोंडी बोलण्यावर जाऊ नका. माणूस चांगला असतो, पण दोन महिन्यांनी दोघांच्या आठवणीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. व्हॉट्सॲपवरचा एक निरोप पुरतो. असा काहीसा:

"नमस्कार मालक, चादरी मिळाल्या, धन्यवाद. पंधरा दिवस वापरून, तीनदा धुऊन मग व्हिडिओ करते. व्हिडिओच्या सुरुवातीलाच 'या चादरी दुकानाकडून मोफत मिळाल्या आहेत' असं बोलेन आणि पडद्यावरही ते दिसेल. जे आवडलं ते सांगेन, जे खटकलं तेही सांगेन. टाकण्याआधी तुम्हाला किंमत, पत्ता आणि मापं तपासायला पाठवेन, मत बदलण्यासाठी नाही. मान्य असेल तर 'हो' कळवा. नसेल तर चादरी परत पाठवते."

या एका निरोपाने निम्मे तंटे मिटतात. उत्तर तीनपैकी एक येतं. 'हो' आलं तर काम सुरू करा. काहीच आलं नाही तर दोन दिवस थांबून फोन करा आणि बोलणं झाल्यावर "आत्ता ठरलं त्याप्रमाणे" असा निरोप पुन्हा लिहून टाका. "फुकट दिल्याचं तेवढं सांगू नका" असं उत्तर आलं, तर माल परत करा. यात मधला रस्ता नाही. कंपनीने लपवायला सांगितलं होतं म्हणून तुमची जबाबदारी कमी होत नाही.

मोठ्या शहरातल्या एजन्सीकडून काम आलं तर मजकूर तेच पाठवतात. त्यात "हॅशटॅग शेवटी टाका" असं लिहिलेलं असेल तर ती ओळ बदलून घ्या.

४. खुलाशाचं वाक्य आधीच लिहून ठेवा

मान्य शब्द सरळ आहेत: जाहिरात, प्रायोजित, सहयोग, भागीदारी, मोफत भेट, कर्मचारी. पण एकटा शब्द टाकण्यापेक्षा पूर्ण वाक्य लिहिलेलं बरं, कारण 'सहयोग' वाचून घरच्या वडीलधाऱ्यांना काहीच कळत नाही. चालतील अशी वाक्यं:

- "जाहिरात: या दोन चादरी अमुक दुकानाने मला मोफत दिल्या आहेत."
- "मोफत भेट: चटणीची तीन पाकिटं रिव्ह्यूसाठी आली. पैसे मिळालेले नाहीत."
- "प्रायोजित: हुरडा पार्टीला चार जणांचं आमंत्रण होतं, शेतमालकाने पैसे घेतले नाहीत."
- "हे दुकान माझ्या मामांचं आहे."
- "या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं."

न चालणाऱ्या गोष्टी: 'कोलॅब' असं तोडकं रूप, 'एसपी' अशी आद्याक्षरं, "अमुक दुकानाचे मनापासून आभार", "खास तुमच्यासाठी घेऊन आलोय". आभार मानले म्हणजे फुकट मिळालं असं वाचणाऱ्याने ओळखावं, ही अपेक्षा चुकीची आहे.

भाषेचा नियम सोलापुरात विशेष महत्त्वाचा. खुलासा रिव्ह्यूच्याच भाषेत हवा. मराठी रीलवर कोपऱ्यात इंग्रजीत 'पेड पार्टनरशिप' असं आलं की काम झालं, असं समजू नका. पूर्व भागातल्या प्रेक्षकांसाठी तेलुगूत बोलत असाल तर खुलासा तेलुगूत करा, 'प्रकटन' हा शब्द तिथे सर्वांना कळतो. कन्नडात 'जाहीरातु' म्हणतात, आपल्याच शब्दाचा सख्खा भाऊ. हिंदीत 'विज्ञापन', उर्दूत 'इश्तिहार'. एकाच व्हिडिओत अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलत असाल, आणि आपल्याकडे तसं बोलतातच, तर दोन्हींत सांगा. बोलायला चार सेकंद लागतात.

५. खुलासा कुठे आणि किती वेळ: माध्यमाप्रमाणे

मूळ कसोटी एकच: तो चुकूनही नजरेतून सुटू नये. वाचणाऱ्याला 'आणखी वाचा' दाबावं लागू नये, खाली सरकावं लागू नये, दुसरं पान उघडावं लागू नये.

*ब्लॉग.* शीर्षकाच्या लगेच खाली, पहिल्या फोटोच्या आणि पहिल्या परिच्छेदाच्या वर. लेखाच्या शेवटी बारीक तिरक्या अक्षरांत टाकलेला खुलासा कुणी वाचत नाही. 'माझ्याविषयी' पानावर "काही वस्तू मोफत मिळालेल्या असतात" असं एकदा लिहून भागत नाही, कारण लोक गुगलवरून थेट एकेका लेखावर उतरतात. मोफत मालाच्या बदल्यात दुकानाची लिंक देत असाल तर त्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' असा गुणधर्म लावा, म्हणजे ती लिंक मोबदल्यातली आहे हे गुगलला कळतं. बहुतेक ब्लॉग एडिटरमध्ये लिंकच्या सेटिंगमध्ये तशी खूण असते. हा गुगलचा नियम आहे आणि तो मोडला तर शोधातलं तुमचं स्थान घसरू शकतं.

*फोटो पोस्ट.* कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळींत. हॅशटॅगच्या गर्दीत नाही. कॅप्शन नसलेल्या स्टोरीवर फोटोवरच शब्द हवेत, आणि पाच स्टोऱ्या एकामागोमाग असतील तर पाचही स्टोऱ्यांवर. कुणी तिसरीपासून बघायला सुरुवात करतं.

*व्हिडिओ आणि रील.* इथे सेकंद मोजा. आस्कीचा हिशेब असा:

- १५ सेकंद किंवा त्याहून कमी: लेबल किमान ३ सेकंद.
- १५ सेकंदांपेक्षा जास्त, २ मिनिटांपेक्षा कमी: एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. म्हणजे ४५ सेकंदांच्या रीलला १५ सेकंद, दीड मिनिटाच्या रीलला ३० सेकंद.
- २ मिनिटं किंवा त्याहून जास्त: ज्या भागात त्या वस्तूचं नाव, गुण किंवा फायदे येतात, तो संपूर्ण भाग.

ही किमान मर्यादा झाली. रील दोन मिनिटांच्या आतलं असेल तर लेबल पूर्ण वेळ ठेवा. मोजत बसावं लागत नाही आणि एडिटिंगमध्ये चुकून कापलं जात नाही. शिवाय सरकारी पुस्तिकेप्रमाणे खुलासा व्हिडिओच्या आत हवा, नुसत्या वर्णनात नाही, आणि तो दिसायलाही हवा, ऐकूही यायला हवा. म्हणून पहिल्या वाक्यातच बोला: "या चादरी मला दुकानाने फुकट दिल्यात, आता बघूया कशा आहेत."

लेबल कुठे लावायचं, याचं एक व्यवहारी गणित आहे. रीलच्या खालच्या भागावर तुमचं नाव आणि कॅप्शन येतं, उजव्या कडेला लाइक-शेअरची बटणं येतात. तिथे ठेवलेलं लेबल झाकलं जातं. वरच्या तिसऱ्या हिश्शात, मधोमध ठेवा. सोलापुरी चादरीचं डिझाइन भरगच्च असतं, त्यावर नुसती पांढरी अक्षरं टाकली तर वाचता येत नाहीत. अक्षरांमागे गडद पट्टी घ्या. तयार झाल्यावर व्हिडिओ छोट्या पडद्याच्या जुन्या मोबाईलवर, उन्हात उभं राहून बघा. वाचता आलं तर ठीक.

इन्स्टाग्रामचं भागीदारीचं लेबल आणि यूट्यूबची 'पेड प्रमोशन'ची खूण, दोन्ही लावा. पण ती तुमच्या खुलाशाच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. यूट्यूबची सूचना सुरुवातीला फक्त १० सेकंद दिसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचं रील कुणीतरी डाउनलोड करतं आणि व्हॉट्सॲप स्टेटसला लावतं. तिथे कॅप्शन जात नाही, ॲपचं लेबल जात नाही. चित्रातच कोरलेली अक्षरं तेवढी जातात. आपल्याकडे निम्मे व्हिडिओ असेच फिरतात, म्हणून लेबल व्हिडिओच्या आत असण्याला पर्याय नाही. दुकानदार तुमचा तुकडा कापून स्वतःच्या पानावर टाकणार असेल, तर लेबलसकटच टाकायचं, हे तिसऱ्या पायरीतल्या निरोपात आधीच लिहून घ्या.

*लाइव्ह.* संपूर्ण वेळ पडद्यावर लेबल, शिवाय सुरुवातीला आणि शेवटी बोलून. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या स्टॉलवरून लाइव्ह करताना लोक मधूनच येतात-जातात, त्यांच्यासाठी दर पाच-सात मिनिटांनी पुन्हा सांगा. लाइव्ह नंतर पानावर राहणार असेल तर त्याच्या कॅप्शनमध्येही लिहा.

*पॉडकास्ट.* सुरुवातीला, शेवटी, आणि मध्ये ब्रेक असतील तर प्रत्येक ब्रेकच्या आधी आणि नंतर.

६. मालाची खातरजमा: दुसऱ्याचा दावा आपल्या तोंडून बोलण्याआधी

खुलासा केला म्हणजे काहीही बोलायला मोकळीक मिळत नाही. शिफारस हे तुमचं खरं, त्या वेळचं मत असलं पाहिजे आणि ते वस्तूच्या पुरेशा अनुभवावर उभं असलं पाहिजे. वस्तू खोक्यातून काढता काढता "एक नंबर टिकाऊ" म्हणणं म्हणजे न केलेला अनुभव सांगणं.

*चादर आणि टॉवेल.* घडी मोडण्याआधी लेबलचा फोटो घ्या. लांबी-रुंदी टेपने मोजा, वजन काट्यावर करा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. ओल्या पांढऱ्या सुती कापडाने गडद रंगाचा भाग वीस वेळा घासा, रंग उतरतो का त्याचा फोटो काढा. मग तीनदा धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. पहिल्या धुण्यानंतरचं आटणं आणि तिसऱ्या धुण्यानंतरचं आटणं वेगळं सांगा. टॉवेल नवा असताना पाणी कमी शोषतो, तो पहिल्याच दिवशी तपासला तर त्याच्यावर अन्याय होतो. शूटिंग दिवसाच्या उजेडात, फिल्टरशिवाय करा. वस्तूचा गुण वाढवून दाखवणारा फिल्टर वापरायला आस्कीची मनाई आहे, आणि रंग हा चादरीचा मोठा गुण आहे.

दोन शब्द जपून वापरा. पहिला 'हातमाग'. बाजारातल्या बहुतेक चादरी यंत्रमागाच्या असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. पण यंत्रमागाच्या चादरीला हातमागाची म्हटलं तर ते खोटं. मालकांना विचारा, उत्तर लेखी घ्या. दुसरा शब्द 'सोलापुरी'. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. इतर ठिकाणी विणलेला माल त्या नावाने विकला जातो आणि त्याचा फटका इथल्या मागावर बसणाऱ्या माणसाला बसतो. चादर कुठल्या कारखान्यात विणली हे कळल्याशिवाय तुमच्या तोंडून ते नाव जाऊ देऊ नका.

*चटणी, भाकरी, खाण्याचे पदार्थ.* पाकिटावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आहे का पाहा आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का बघा. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, घटकांची यादी, ग्राहक संपर्क, हे सगळं हवं. रिकाम्या वाटीचं वजन वजा करून चटणीचं वजन करा. "तीन महिने टिकते" असं सांगायचं असेल तर पाकिटावर तसं लिहिलंय, असं म्हणा. तुम्ही तीन महिने ठेवून बघितली नाही. शेंगदाण्याला खवट वास येतो का, हे उघडल्यावर आणि पंधरा दिवसांनी अशा दोन वेळा बघा.

*औषधी म्हणवणाऱ्या वस्तू.* इथे सर्वात जास्त सावध राहा. "साखर कमी होते", "मुतखडा पडतो", "चरबी झडते" असं सांगत काढे आणि चूर्णं येतात. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा मधुमेह, रक्तदाब, मुतखडा, लठ्ठपणा अशा ठरावीक आजारांवर उपचार म्हणून औषधाची जाहिरात करायला मनाई करतो, आणि अशा जाहिरातीत भाग घेणाराही त्यात सापडतो. "मला मोफत मिळालं" हे सांगून इथे सुटका नाही. अशा वस्तू परत पाठवा. तुमचा रिव्ह्यू पाहून कुणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या, तर ते नुकसान भरून निघणारं नसतं. साधा आहार-व्यायाम सांगत असाल तरी स्वतःची पात्रता सांगा, आणि हा डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही, हेही सांगा.

७. गुगल मॅप आणि ऑनलाइन दुकानांवरचे तारे

"पाच तारे द्या, थाळीवर दहा टक्के सूट" असा कागद काउंटरवर दिसतो. गुगलच्या धोरणात सवलत किंवा फुकट वस्तूच्या बदल्यात रिव्ह्यू देणं-घेणं, दोन्हींना मनाई आहे. तिथे खुलासा करूनही चालत नाही. ॲमेझॉनवरही फुकट मालाच्या बदल्यात रिव्ह्यूला बंदी आहे, अपवाद फक्त त्यांच्या स्वतःच्या 'व्हाइन' योजनेचा, ज्यात वस्तू ॲमेझॉनमार्फतच येते. म्हणून फुकट आलेल्या वस्तूबद्दल फक्त स्वतःच्या पानावर लिहा, खुलाशासह.

याच वाटेवर एक जुनी फसवणूक आहे: "आधी तुम्ही वस्तू घ्या, पाच ताऱ्यांचा रिव्ह्यू टाका, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे परत मिळतील." रिव्ह्यू खोटा ठरतो, खातं बंद पडू शकतं, आणि पैसे परत येतातच असं नाही. तक्रार कुठे करणार? मुळात सौदाच लपवण्याजोगा.

८. नोंदवही आणि कर

प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ: आल्याची तारीख, देणारा, वस्तू, छापील किंमत आणि बाजारातली प्रत्यक्ष किंमत, अट काय होती, ठेवली की परत केली, पोस्टची तारीख, खुलासा कुठे केला. त्याच दिवशी लिहा.

फुकट वस्तू प्राप्तिकराच्या नजरेत उत्पन्न असू शकते. व्यवसायातून मिळालेला लाभ रोख असो वा वस्तूरूपात, तो करपात्र धरला जातो. १ जुलै २०२२ पासून असा नियम आहे की एका आर्थिक वर्षात एकाच देणाऱ्याकडून २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचे लाभ मिळाले, तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावर आधीच जमा होणारा कर, भरायचा. वस्तू वापरून परत केली तर ती या हिशेबात धरत नाहीत, तुम्ही ठेवून घेतली तर धरतात. म्हणून परतीची पावती सांभाळा. देणारी व्यक्ती छोटी असेल, म्हणजे आदल्या वर्षी व्यवसायाची उलाढाल १ कोटीच्या आत असलेला एकटा मालक, तर त्याला टीडीएसचं बंधन नाही. पण तुमचं उत्पन्न म्हणून ते राहतंच. वर्षातून दोनदा प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर २६एएस (टीडीएसचा उतारा) आणि वार्षिक माहिती विवरण उघडून बघा. कंपनीने तुमच्या पॅनवर काय दाखवलं, ते तिथे कळतं.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सीएकडे जाताना वरच्या टीडीएसच्या नियमाचा जुना '१९४आर' हा क्रमांक सांगितला तरी त्यांना कळेल, सोबत नोंदवही न्या.

९. जुन्या पोस्ट, आणि तक्रार आली तर

खुलासा नसलेल्या जुन्या पोस्ट सगळ्यांच्याच असतात. एक संध्याकाळ काढा. ब्लॉगवर शीर्षकाखाली ओळ टाका आणि ती नंतर टाकली त्याची तारीख द्या. फोटो पोस्टचं कॅप्शन बदला. यूट्यूबवर पेड प्रमोशनची खूण लावा, वर्णनाची पहिली ओळ बदला, पिन केलेली टिप्पणी टाका. रीलमध्ये नंतर अक्षरं घालता येत नाहीत, म्हणून ते आर्काइव्ह करून लेबलसह पुन्हा चढवा. सर्वात जास्त बघितलेल्या पोस्टपासून सुरुवात करा.

तक्रार आस्कीकडे जाऊ शकते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर जाऊ शकते, किंवा कायद्याप्रमाणे थेट जिल्हाधिकाऱ्यांकडेही जाऊ शकते. म्हणजे इथल्या गिऱ्हाइकाला दिल्लीला जावं लागत नाही, सोलापूरचं जिल्हाधिकारी कार्यालय पुरतं. पत्र आलं तर पोस्ट घाईने पुसू नका. आधी पोस्टचा, टिप्पण्यांचा आणि निरोपांचा स्क्रीनशॉट घ्या, मग खुलासा दुरुस्त करा, मग दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. सोबत नोंदवहीतली ती ओळ, दुकानदाराचा 'हो' आलेला निरोप, मापांचे आणि धुण्याआधी-नंतरचे फोटो जोडा. प्राधिकरणाला आदेश काढण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे अपील करता येतं, आणि तिथेही तेच कागद लागतात.